चालता चालता बंद पडणारी पिकअप: लूज कॉन्टॅक्ट रंगेहाथ पकडायचा कसा

दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरतो, तशी गॅरेजच्या दारात गेली की पिकअप शहाणी होते. रात्री घोटीजवळ तीनदा बंद पडलेली गाडी सकाळी नाशकात द्वारकेला मिस्त्रीपुढे अर्धा तास न कुरकुरता चालते. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, गाडी तर ओके आहे." मग अंदाजाने सामान बदलणं सुरू होतं. आधी डिझेल फिल्टर, मग सेन्सर, मग डिझेल पंप खोलायची भाषा. नाशकात पंपावर संशय जरा लवकरच जातो. मायको (म्हणजे आताची बॉश कंपनी) सर्कलचं गाव हे, इथे डिझेलचे नोझल-इंजेक्टर बनतात, आणि पंप खोलायला माणूसही लगेच मिळतो.

माझ्या बीएस४ (धुराच्या जुन्या नियमांतल्या) पिकअपने मला असंच टोमॅटोचा एक अख्खा हंगाम फिरवलं. संध्याकाळी नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला क्रेट भरायचे, पहाटे वाशीचा बाजार गाठायचा. जाताना काही नाही, पण परतीला रिकाम्या गाडीत चालता चालता इंजिन गप्प. दोन मिनिटांनी सेल्फ मारला की चालू. दोन सेन्सर आणि एक रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) बदलून झाला. शेवटी निघालं काय, तर अर्थच्या वायरीच्या लगखाली (वायरीच्या टोकाला असलेला, बोल्टने आवळायचा धातूचा डोळा) लागलेला रंग. तो कसा सापडला ते पुढे येईलच. असा दोष बदलाबदलीने सापडत नाही. तो घडतो त्या क्षणी तिथे आपलं काहीतरी पहाऱ्यावर असावं लागतं.

आधी घाटाचं

दोष सापडेपर्यंत गाडी चालवावीच लागणार, म्हणून हे ड्रायव्हरला आजच सांगून ठेवा. उतारावर इंजिन बंद पडलं तर क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही, गिअरमध्येच ठेवायची. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर फिरणारा पंप बनवतो, अनेक डिझेल गाड्यांत तो डायनामोच्याच पाठीवर असतो. चाकं गिअरमधून इंजिन फिरवत राहिली तर तो पंपही फिरत राहतो. इंजिन थांबलं की साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबण्यापुरताच असतो, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होईल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

ड्रायव्हरला विचारायचे प्रश्न

बॉनेट उघडण्याआधी वही उघडा. "बंद पडते" एवढ्यावर काही कळत नाही. बंद कशी पडते ते विचारा.

डिझेलचा दोष असलेली गाडी सांगून मरते. आधी झटके खाते, ओढ कमी होते, अ‍ॅक्सिलरेटर दाबून उपयोग होत नाही, मग थांबते. टाकीतली घाण, तुंबलेला फिल्टर, पाइपातून शिरलेली हवा, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक ही त्यातली नेहमीची कारणं. तसं असेल तर वायरिंगच्या मागे लागू नका. विजेचा दोष असलेली गाडी मात्र न सांगता मरते, कोणीतरी चावी फिरवल्यासारखी. झटका नाही, धूर नाही, गाणं वाजतंय आणि इंजिन नाही.

दुसरा प्रश्न: त्या क्षणी डॅशबोर्डवर काय दिसलं? सगळे दिवे गेले, गाणंही बंद झालं, तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, मोठी अर्थ केबल किंवा चावीचा स्विच. दिवे जागेवर पण आरपीएमचा काटा गाडी पळत असतानाच एकदम शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) किंवा ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा सप्लाय. गाडी पूर्ण थांबली की चावी बंद करून पुन्हा ऑन करायची. चेक इंजिनचा दिवा काही सेकंदांसाठीही लागला नाही तर ईसीयूला वीजच पोहोचत नाहीये. लागला, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही, तर क्रँक सेन्सरवरचा संशय बळावतो. ड्रायव्हरला हे तोंडी लक्षात राहत नाही. बंद पडली की आधी मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढ, मग सेल्फ मार, असं बजावून ठेवा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: कुठे आणि कसल्या रस्त्यावर? ये-जा करणाऱ्या विजेच्या दोषाला तीनच गोष्टी जागं करतात. उष्णता, हादरे आणि पाणी. आपल्याकडचा रस्ता या तिन्हींची परीक्षा वेगवेगळ्या ठिकाणी घेतो. मे महिन्यात भिवंडीहून माल भरून कसारा घाट चढताना बंद पडते, वर येऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलं की चालू होते, हा उष्णतेचा दोष. जुलैत घोटी-इगतपुरीच्या पावसात पडते आणि विल्होळीपर्यंत आलं की सुधारते, हा पाण्याचा. खड्ड्यात, गतिरोधकावर, मळ्याच्या कच्च्या वाटेवर पडते, हा हादऱ्याचा. इथे एक गंमत आहे. पिकअपचे पाटे मालाच्या वजनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आपटते. माझी गाडी परतीलाच का पडते याचं उत्तर एवढंच होतं. मी मात्र कित्येक दिवस ते वाशीच्या डिझेलमध्ये शोधत होतो.

आठ दिवसांची नोंद ठेवली तर यातला एक धागा हमखास वर येतो.

हत्यारं

डिजिटल मल्टिमीटर, हजाराच्या आतला चालतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी जोडून. डॅशबोर्डवर ठेवायला १२ व्होल्टचे छोटे एलईडी दिवे दोन, वेगवेगळ्या रंगांचे. २ अँपिअरचे फ्यूज, होल्डरसकट. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून तिथून जादा वायर घ्यायचा तुकडा), दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर. ओबीडी सॉकेट (ईसीयूतले दोष वाचायचा प्लग) असलेल्या गाडीला तो वाचणारा स्कॅनर लागेल, त्याचं पुढे बोलू.

२१ वॉटचा बल्ब जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो. मल्टिमीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून एका तारेवर लटकलेली वायरही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्ब लावला की तीच वायर उघडी पडते, बल्ब मिणमिणतो. मात्र हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या वायरींवर लावायचा. सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या सिग्नल वायरीला चुकूनही नाही. ईसीयू जळला तर लूज कॉन्टॅक्ट परवडला असं म्हणायची वेळ येईल.

पहिली पायरी: बॅटरी आणि अर्थ

निम्म्या गाड्या इथेच सुटतात, आणि हीच पायरी सगळे नजरेने उरकतात. "टर्मिनल टाइट आहे" हे बघून ठरत नाही, मोजून ठरतं.

इंजिन बंद करून गाडी काही तास उभी राहिली की चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना १० च्या खाली घसरली तर आधी बॅटरी आणि केबलचा निकाल लावा. डायनामो चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढायची जुनी सवय काही मिस्त्रींना अजून आहे. हात धरून थांबवा. ईसीयूवाल्या गाडीत त्या एका झटक्यात महागाचं सामान जातं.

आता खरी तपासणी. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटर डीसी व्होल्टवर, २ व्होल्टच्या रेंजवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह शिश्याच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही. लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. सेल्फ मारताना तेच ०.२-०.३ पर्यंत गेलं तर चालतं. मग लाल सुई केबिनच्या बॉडीवर, मग चेसिसवर, आणि शेवटी ईसीयूची अर्थ जिथे बोल्टने बसवली आहे त्या लगवर. जिथे आकडा वाढतो त्याच्या अलीकडचा जोड खराब. हीच रीत पॉझिटिव्हलाही: एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरी ईसीयूच्या फ्यूजच्या डोक्यावरच्या उघड्या टिंबावर. ०.३ च्या वर गेलं तर वाटेत काहीतरी अडतंय. सुया तशाच धरून दुसऱ्याला वायरी हलवायला सांगा. आकडा उडाला की जागा सापडली.

अर्थचा बोल्ट खोला, लगची दोन्ही तोंडं आणि खालची बॉडी पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस. रंग, गंज, हिरवी बुरशी यातलं काहीही लगखाली राहता कामा नये. हौद्याला नवा पिंजरा करून घेतला असेल, केबिन रंगवली असेल, तर या जोडांवर आधी संशय घ्या. रंगारी बोल्ट खोलतो, रंग मारतो आणि लग रंगावरच आवळून देतो. वीज मग फक्त बोल्टच्या आट्यांतून जाते. आणि हो, गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीयूचा कनेक्टर काढायला लावा. वेल्डर हसेल, हसू द्या.

दुसरी पायरी: माणसाने नंतर जोडलेलं सगळं

कंपनीचं वायरिंग उसवण्याआधी उपरं वायरिंग शोधा. जीपीएस, मोठा हॉर्न, म्युझिक, हौद्यातला दिवा, केबिनमधल्या देवाची लाइट. यातलं बरंच काही चावीच्या वायरीला नुसतं पिळून काळी टेप गुंडाळलेलं असतं. उन्हाने टेपचा गोंद सुटतो आणि पीळ ढिला होतो. जीपीएसला इंजिन बंद करायचा रिले जोडलेला असेल तर तो थेट तुमच्या इंजिनच्या जिवाशी खेळणारा भाग आहे. काही दिवस हे सगळं सोडवून मूळ वायर नीट जोडून गाडी चालवून बघा. दोष गेला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

तिसरी पायरी: चावीचा स्विच, फ्यूज, रिले

इंजिन चालू ठेवून चावी ऑनच्या जागेवरच हलकेच इकडेतिकडे हलवा. इंजिन अडखळलं तर स्विचचा मागचा भाग खराब. चावीला घराच्या, गोदामाच्या चाव्यांचा जुडगा लटकला असेल तर तो काढा. खड्ड्यात तो जुडगाच स्विच हलवत असतो. स्विचच्या कपलरमधली एखादी पिन तपकिरी झालेली, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर स्विच आणि कपलर दोन्ही बदला.

फ्यूज नजरेला अखंड दिसला तरी तो खालच्या पात्यांत सैल बसलेला असू शकतो. काढून पुन्हा बसवताना हाताला पकड जाणवली पाहिजे. ईसीयूला वीज देणारा मेन रिले हॉर्नच्या रिलेसारखाच, त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करा. दोष हॉर्नकडे गेला तर रिले दोषी. नाही गेला तर रिलेखालच्या पिना आणि त्यांची पकड तपासा. रिले बदलूनही दोष राहतो तो बहुतेक वेळा याच पात्यांमुळे. फ्यूज बॉक्सच्या खालची बाजूही बघा, पाणी तिथे साठतं आणि पावसाळ्यात तिथेच हिरवं पडतं.

चौथी पायरी: पहाऱ्याचे दिवे

माझी गाडी इथवर येऊनही सापडली नव्हती. अर्थ मोजली होती, पण उभ्या गाडीत ती ठीक यायची. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने ही युक्ती दिली.

पहिला दिवा, हिरवा, सप्लायवर. मेन रिलेमधून ईसीयूकडे जाणाऱ्या फ्यूजला फ्यूज टॅप लावून एक वायर घ्या, दिव्याची दुसरी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. दुसरा दिवा, लाल, अर्थवर. त्याची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २ अँपिअरच्या फ्यूजमधून आणि एका छोट्या बटणातून, दुसरी ईसीयूच्या अर्थच्या लगलाच. बॉडीला नाही, लगला. हा फरक विसरलात तर दिवा खोटी साक्ष देईल. दोन्ही दिवे डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या नजरेत चिकटवा. गाडी उभी करताना लालचं बटण बंद करायचं, नाहीतर तो बॅटरी खात राहील.

गाडी बंद पडली त्या क्षणी हिरवा गेला: बॅटरी ते ईसीयू या वाटेवर दोष, म्हणजे मेन फ्यूज, स्विच, रिले. लाल गेला: अर्थ. दोन्ही जागेवर: ईसीयूला वीज नीट मिळतेय, आता सेन्सरकडे वळा. पंपावर डिझेल बंद करायचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) असलेल्या जुन्या गाडीत हिरव्या दिव्याची वायर त्या सोलेनॉइडच्या टर्मिनलवर घ्यायची. त्याला १२ व्होल्ट मिळतात तोवर डिझेल सुरू, वीज गेली की इंजिन बंद. त्या गाड्यांत बहुतेक वेळा गोष्ट एवढ्याच एका वायरीची असते.

आमच्या ड्रायव्हरचा तिसऱ्याच रात्री फोन आला. "भाऊ, खड्ड्यात गेली आन् लाल गेला. हिरवा होता." सकाळी लग खोलला तर खाली राखाडी प्रायमर. हंगामाआधी बॅटरीच्या तबकाला गंज लागला म्हणून मीच ते रंगवून घेतलं होतं.

पाचवी पायरी: हलवा, तापवा, भिजवा

दिव्यांनी वाट दाखवली की उभ्या गाडीत तीच परिस्थिती तयार करा, एकावेळी एकच.

हलवा: इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा गुंडाळलेला जुडगा, वीतभर-वीतभर करत हलवत जा. प्रत्येक कनेक्टर चिमटीत धरून ओढा, वाकवा. फॅन आणि बेल्टपासून हात आणि बाह्या लांब. वायरी घासतात त्या जागा ठरलेल्या असतात: बॅटरीच्या तबकाची कड, ब्रॅकेटचे कोपरे, इंजिनवरून बॉडीकडे उडी मारणारा भाग, केबिनच्या पत्र्यातून आत शिरणारं भोक. कांद्याच्या चाळीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांचे दात शोधा. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीत हौद्याखालचा हार्नेस बघा. सांडलेलं खत पाण्याबरोबर झिरपतं आणि तांबं खातं, बाहेरून वायर धडधाकट आणि आत हिरवी भुकटी.

तापवा: हे मुख्यतः क्रँक सेन्सरसाठी. गरम इंजिनवर बंद पडली, सेल्फ फिरतोय पण चालू होत नाही, तेव्हा थंड पाण्यात भिजवलेलं फडकं फक्त सेन्सरवर दाबून धरा. एक्झॉस्ट आणि टर्बोपासून जपून. लगेच चालू झाली तर सेन्सरची आतली तार गरम होऊन सुटतेय असं समजा. दोन पिनांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंड आणि गरम दोन्ही वेळी मोजा. गरम झाल्यावर थोडा वाढणं साहजिक, पण मीटर 'तुटलेलं' दाखवत असेल तर सेन्सर गेला. तीन पिनांच्या सेन्सरवर ही मोजणी करू नका, तो बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो. सेन्सर बदलण्याआधी त्याच्या कनेक्टरची पकड आणि टोकाला चिकटलेला लोखंडी कीसही बघून घ्या.

भिजवा: झाडांना पाणी मारायच्या स्प्रे बाटलीने एकेका कनेक्टरवर फवारा आणि थोडं थांबा. प्रेशर वॉशिंगची नळी नको, तिने नसलेले दोष तयार होतात.

वायरीत सुई टोचून व्होल्ट बघायची सवय असेल तर ती सोडा. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वर्षभराने तुम्हीच तुमचा दोष शोधत बसता.

स्कॅनर काय सांगतो

स्कॅनर साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. तो दोषाचे कोड दाखवतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटची तक्रार. सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, वायर आणि ईसीयू सगळं आलं, म्हणून कोड दिसला की सेन्सर विकत आणायला धावू नका. मी धावलो होतो. पी०५६२ म्हणजे ईसीयूला व्होल्टेज कमी मिळालं, तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवर या. यू०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी बाकीच्यांचं बोलणं तुटलं, तिथेही आधी सप्लाय आणि अर्थच बघायची. पी००८७ म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब कमी, हा बहुधा डिझेलच्या बाजूचा मामला. कोड पुसण्याआधी फोटो काढा, फ्रीझ फ्रेममधला (कोड पडला त्या क्षणाच्या नोंदीतला) वेग, आरपीएम आणि तापमान वहीत उतरवा. इंजिन मेलं आणि एकही कोड नाही, हीसुद्धा खूण आहे: ईसीयूचीच वीज गेली, तो लिहिणार कुठून?

अशी रेल असलेल्या, म्हणजे कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप ढिला करून "डिझेल येतंय का" बघू नका. आतला दाब हजार बारच्या पुढेही जातो, ती धार कातडीतून आत शिरते.

जोडताना आणि जोडल्यावर

खराब तुकडा कापून टाका, त्याच जाडीची वायर घ्या, क्रिंप (पक्कडने दाबलेला जोड) किंवा झाळ (सोल्डर) करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसणारी नळी) चढवा आणि वायर जवळच क्लॅम्पने बांधा. नाहीतर नवा जोडही हादऱ्याने तुटतो. कनेक्टरची पिन सैल असेल तर त्याच मापाची मोकळी पिन आत घालून पकड तपासा. टाचणी घालून पात्या फाकवू नका.

मग दोष जिथे यायचा तिथेच गाडी न्या. घाटात पडायची तर भरून घाटात, खड्ड्यात पडायची तर रिकामी कच्च्या रस्त्याला. माझ्या वहीत आधी दर दोन-तीन फेऱ्यांना एकदा बंद पडल्याची नोंद होती, म्हणून दुरुस्तीनंतर दहा फेऱ्या होईपर्यंत मी दिवे काढले नाहीत. अकराव्या फेरीआधी काढायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, राहू द्या भाऊ, रात्री घाटात दोन्ही लागलेले दिसले की बरं वाटतं. हिरवा अजून आहे. लाल मात्र मी काढला, ड्रायव्हर त्याचं बटण बंद करायला विसरायचा.